रुळाच्या पोटातला तडा

१९११ सालच्या २५ ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी, न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर या लहानशा गावाजवळच्या पुलावर लीहाय व्हॅली रेल्वेची एक प्रवासी गाडी आली. गाडी चांगली लांबलचक होती. पुढे दोन इंजिने, मागे चौदा डबे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांचा मेळावा नुकताच रॉचेस्टरला पार पडला होता. तो आटोपून घरी निघालेले कितीतरी म्हातारे सैनिक आपल्या कुटुंबांसह या गाडीत होते. इंजिने आणि पुढचे काही डबे पूल ओलांडून गेले आणि मागच्या डब्यांखाली रूळ फुटला. डबे घसरले, त्यांतले काही सुमारे चाळीस फूट खाली ओढ्याच्या पात्रात कोसळले. २९ माणसे मेली, साठांवर जखमी झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढायांतून वाचलेली माणसे एका रुळाच्या तुकड्याने गेली.

त्या रुळाचे सतरा तुकडे झाले होते. रेल्वे अपघातांची चौकशी करण्याचा अधिकार अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाला वर्षभरापूर्वीच, १९१०च्या कायद्याने मिळाला होता. आयोगाने हे तुकडे जेम्स हॉवर्ड या अभियंत्याकडे सोपवले. हॉवर्डचे आयुष्य वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात लोखंड-पोलाद ताणून, वाकवून, तोडून पाहण्यात गेले होते. त्याला तुटलेल्या पृष्ठभागांवर लंबगोल, चकचकीत, रुपेरी डाग दिसले. डाग रुळाच्या वरच्या जाड भागात, म्हणजे चाक ज्यावर धावते त्या ‘हेड’मध्ये होते, आणि पार आत होते. ते चकचकीत होते याचा अर्थ त्या तड्याला हवा कधी लागलीच नव्हती. तडा आत जन्मला, रोज जाणाऱ्या प्रत्येक चाकाखाली केसभर वाढत गेला आणि बाहेरच्या कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच रूळ तुटला. या दोषाला ‘ट्रान्सव्हर्स फिशर’, म्हणजे रुळाला आडवा जाणारा अंतर्गत तडा, असे नाव पडले.

मँचेस्टरच्या अपघाताचे महत्त्व मृतांच्या आकड्यात नाही. त्या काळात अमेरिकेत याहून मोठे अपघात होत असत. पण हा अपघात कुणाच्या हलगर्जीने झाला नव्हता. लाइनवरच्या मुकादमाने आदल्या दिवशी तो रूळ गुडघे टेकून, भिंग लावून पाहिला असता तरी त्याला काही दिसले नसते. तोवरची सगळी देखरेख डोळ्यांच्या भरवशावर चालली होती आणि डोळ्यांना न दिसणारा शत्रू आता पुढे आला होता.

डोळ्यांची ही देखरेखही काही साधी गोष्ट नव्हती. प्रत्येक काही मैलांचा टापू एका टोळीकडे असे. आपल्याकडे कीमन आणि गँगमन जसे खांद्यावर हातोडा-पाना टाकून लाइन चालत येतात, तसेच तिथेही चालत. पुढे हाताने दांडा मारत चालवायची हँडकार आली. मिशिगन राज्यातल्या थ्री रिव्हर्स गावच्या जॉर्ज शेफिल्डने १८७०च्या दशकात तीन चाकांची, एकट्या माणसाने हाकायची हलकी गाडी बनवली. तो ती कामावरून घरी येण्यासाठी रात्री चोरून रुळांवर चालवत असे. एका रात्री त्याला तुटलेला रूळ दिसला, त्याने दिवा दाखवून मालगाडी थांबवली आणि त्यामुळेच त्याची चोरी उघडी पडली, अशी कथा सांगतात. शिक्षा व्हायच्या ऐवजी रेल्वेने त्याच्याकडे तसल्याच आणखी गाड्या मागितल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गाड्यांना पेट्रोलचे छोटे इंजिन बसले. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावच्या कारखान्याने अशा मोटरट्रॉल्या इतक्या विकल्या की ‘फेअरमाँट’ हे त्या ट्रॉलीचेच नाव होऊन बसले. या स्वयंचलित ट्रॉलीवर बसलेला निरीक्षक आता एका दिवसात चौपट लाइन पाहू शकत होता. पण पाहणार डोळ्यांनीच.

यंत्राने रुळाची परीक्षा घेण्याचा विचार मात्र जुना होता. प्लिमन डडली नावाच्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उपकरणांनी भरलेला एक डबा तयार केला होता. इंजिनामागे जोडलेला हा डबा रुळांची पातळी कागदावर रेखत जाई आणि खचलेला सांधा आला की तिथे रंग टाकी. डडली आणि त्याची पत्नी वर्षानुवर्षे त्या डब्यातच राहिली. पण त्या डब्याला कळायचा तो रुळाचा आकार. पोटातले दुखणे त्यालाही कळणार नव्हते.

मँचेस्टरनंतर वाद सुरू झाला तो जबाबदारीचा. रेल्वे कंपन्या म्हणत, पोलाद कारखान्यांनी सदोष माल दिला. कारखानदार म्हणत, तुम्ही इंजिने आणि डबे इतके जड केलेत की कुठलाही रूळ मोडेल. हॉवर्डचा कल चाकांच्या भाराकडे होता, इतरांचा ओतकामातल्या आणि रूळ सरळ करण्याच्या पद्धतीतल्या दोषांकडे. वीस वर्षे हे भांडण चालले. दरम्यान गाड्यांचे वजन वाढत राहिले, वाहतूक वाढत राहिली आणि फिशरने तुटणारे रूळही वाढत राहिले. तडा का पडतो हे कळेपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती. तो शोधून काढणे तरी जमते का, हे पाहायला हवे होते.

या टप्प्यावर एल्मर स्पेरी या कथेत येतो. १८६० साली न्यूयॉर्क राज्यातच जन्मलेला हा माणूस तोवर जगप्रसिद्ध झाला होता. जहाजाला दिशा दाखवणारा त्याचा गायरोकंपास पहिल्या महायुद्धात नौदलांनी वापरला. त्याच्या नावावर साडेतीनशेच्या वर पेटंटे होती. साठी उलटल्यावर कीर्तिवंत माणसे सहसा आत्मचरित्र लिहायला बसतात. स्पेरीने रूळ हातात घेतले.

त्याची पहिली कल्पना सरळ होती. रुळातून वीज सोडायची आणि दोन बिंदूंमधला दाब मोजायचा. मध्ये तडा असेल तर विजेला अडथळा होईल आणि दाबात फरक पडेल. प्रयोगशाळेत हे जमले. लाइनवर गंज, तेल, वाळू आणि चाकांनी उडवलेली घाण यांच्यामुळे रुळाशी होणारा विजेचा स्पर्शच क्षणाक्षणाला बदलू लागला. यंत्र तड्याऐवजी मळच मोजत होते. तेव्हा स्पेरी आणि त्याचा सहकारी हारकोर्ट ड्रेक यांनी रोख बदलला. वीज मोजायचीच नाही, विजेभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होते ते पाहायचे. अगदी कमी दाबाचा पण हजारो अँपिअरचा प्रवाह ब्रशांमधून रुळात सोडला तर तो हेडमधून सरळ वाहतो. आत तडा असेल तर पाटात दगड टाकल्यावर पाणी जसे त्याला वळसा घालते, तसा तो वळतो. त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही वाकते. रुळाला न शिवता, थोड्या उंचीवरून सरकणाऱ्या तारेच्या गुंडाळीत त्या वाकड्या क्षेत्रामुळे विजेचा एक क्षीण झटका उमटतो. झटका वाढवून पेनापर्यंत नेला की सरकत्या कागदावर रेघ उसळी घेते, आणि त्याच क्षणी रंगाची पिचकारी रुळावर खूण करते.

अमेरिकन रेल्वे असोसिएशनशी करार होऊन अशी पहिली ‘डिटेक्टर कार’ १९२८ साली तयार झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ओहायो राज्यातल्या माँटपेलियर इथे वॉबॅश रेल्वेच्या लाइनवर तपासणीचे व्यावसायिक काम सुरू झाले. स्पेरी जून १९३० मध्ये वारला. आपल्या यंत्राची पहिली दोन वर्षेच त्याला पाहायला मिळाली. पुढचे सगळे काम ड्रेक आणि स्पेरीच्या कंपनीच्या अभियंत्यांनी नेटाने केले.

ही गाडी स्वतःच्या इंजिनावर चालणारी का असावी लागली, याचे उत्तर रेल्वेच्या रोजच्या व्यवहारात आहे. तपासणी ताशी सहा-सात मैलांच्या वेगाने चालायची. संशय आला की थांबायचे, मागे यायचे, पुन्हा पाहायचे. एवढ्यासाठी कुठलाही वाहतूक अधिकारी एक वाफेचे इंजिन आणि त्याचा चालकवर्ग दिवसभर अडकवून ठेवणार नव्हता. शिवाय मागून गाडी आली की चटकन जवळच्या सायडिंगवर सरकावे लागे. एकटी, आपल्या पायांनी येणारी-जाणारी गाडीच हे करू शकत होती.

स्पेरीच्या कंपनीने दुसरा शहाणपणा केला तो धंद्यात. तिने गाड्या विकल्या नाहीत, सेवा विकली. गाडी आमची, यंत्र आमचे, माणसे आमची. रेल्वेने फक्त वाट दाखवणारा आपला माणूस द्यायचा आणि मागून नवे रूळ घेऊन येणारी टोळी ठेवायची. लहान रेल्वे कंपनीला वर्षातून काही दिवस पुरतील इतकेच पैसे मोजून तपासणी करून घेता येऊ लागली. आणि प्रत्येक रेल्वेवर सापडलेल्या दोषांचा अनुभव एकाच ठिकाणी साठत गेला. यंत्रापेक्षाही हा साठा मोलाचा ठरला, असे मला वाटते.

मग १९३०च्या दशकातली मंदी आली आणि तिने या कंपनीला अनपेक्षित हात दिला. लोक मोटारी घेऊ लागल्याने आडमार्गांवरच्या प्रवासी गाड्या आधीच ओस पडू लागल्या होत्या. अशा मार्गांवर रेल्वे कंपन्या ‘डूडलबग’ नावाच्या एकडबी गाड्या चालवत. त्यात पुढे पेट्रोलचे इंजिन, त्याने फिरणारे जनित्र, त्या विजेवर चाके आणि मागे प्रवासी बसत. या गाड्या स्वस्तात भंगारात निघू लागल्या. स्पेरीच्या कंपनीने त्या विकत घेतल्या, बाके काढली, ब्रश, गुंडाळ्या आणि कागदाचे रोलर बसवले, मधोमध छोटे स्वयंपाकघर आणि झोपायचे बंक केले आणि सगळ्यांना पिवळा रंग दिला. १९२०च्या दशकात बांधलेल्या या डब्यांपैकी काही एकविसाव्या शतकातही अमेरिकेच्या रुळांवर काम करत होते. ज्या कंपन्यांसाठी ते बांधले गेले त्यांतल्या बऱ्याच तोवर बुडाल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या होत्या.

गाडीतली मंडळी महिनोन्महिने घराबाहेर असत. सकाळी नियंत्रकाकडून लाइन मिळाली की काम सुरू, आणि आगगाड्यांच्या मधल्या फटींत जेवढे होईल तेवढे. मुख्य ऑपरेटर मागच्या बाजूला कागदाच्या पट्टीवर डोळे लावून बसे. वरवर पाहता काम सोपे : रेघ उसळली की दोष. प्रत्यक्षात रेघ सारखीच उसळत असे. त्या काळचे रूळ ३९ फुटांचे. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून एका मैलात सुमारे २७० सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर पेन उडणारच. इंजिनाची चाके जागच्या जागी फिरून रूळ भाजला असेल तर पेन उडते. वरचा पापुद्रा सुटला असेल तरी उडते. या सगळ्या गलबल्यातून खरी खूण ओळखायची, गाडी थांबवायची, खाली उतरून तोच इंच हातातल्या उपकरणाने पुन्हा तपासायचा आणि मग ठरवायचे, हा रूळ काढायचा की ठेवायचा. चुकीचा रूळ काढला तर रेल्वेवाल्यांची बोलणी. ठेवायला नको तो ठेवला तर काय, हे मँचेस्टरने सांगितले होते.

दरम्यान तड्याच्या जन्माचे कोडेही सुटत आले. १९३१ पासून इलिनॉय विद्यापीठात हर्बर्ट मूर यांच्या नेतृत्वाखाली मोठे संशोधन चालले. त्याला पैसे रेल्वे आणि पोलाद कारखाने दोघांनी मिळून दिले. भांडणारे दोन पक्ष एकाच खर्चात सामील झाले हेही नवलच. तापलेला रूळ थंड होताना पोलादातला हायड्रोजन आत अडकतो आणि बारीक बारीक चिरा पाडतो, त्या चिरांतून पुढे चाकांच्या भाराखाली फिशर वाढतो, असे दिसून आले. म्हणजे कारखाना आणि चाक दोघेही खरे, दोघेही दोषी. उपाय सोपा निघाला. रूळ झाकून ठेवून अगदी सावकाश थंड करायचे, म्हणजे हायड्रोजन निसटून जातो. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि नव्या रुळांतला जुना शत्रू जवळजवळ संपला.

मग डिटेक्टर कारचे काम संपायला हवे होते. तसे झाले नाही. लाखो टन जुने रूळ अजून लाइनवर होते हे एक कारण. दुसरे असे की चुंबकीय पद्धतीची एक आंधळी जागा होती : सांधा. सांध्याच्या पट्ट्यांआड बोल्टांची भोके असतात. त्या भोकांपासून निघणारे तडे हेडच्या खाली, रुळाच्या उभ्या भागात असतात आणि तिथे तिला काहीच दिसत नव्हते. त्यासाठी ध्वनी लागला. मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४०च्या सुमारास धातूत श्राव्यातीत ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे उपकरण बनवले, आणि ते बाजारात आणले स्पेरीच्याच कंपनीने. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी पूर्णपणे ध्वनीवर चालणारी तपासणी गाडी आली. पुढे एकाच गाडीत दोन्ही पद्धती बसल्या. द्रव भरलेली रबरी चाके रुळावरून फिरतात, पुढे पाण्याचा फवारा असतो आणि आतले स्फटिक वेगवेगळ्या कोनांतून ध्वनी पाठवतात. सरळ खाली जाणारा एक, भोकांसाठी तिरका दुसरा, आडव्या तड्यांसाठी जवळजवळ आडवा तिसरा.

आपल्याकडेही रुळांची तपासणी याच ध्वनीने होते, पण बहुतेक ठिकाणी माणूस हाताने ट्रॉली ढकलत चालतो. तातडीने काढायच्या रुळावर लाल रंगाच्या तीन फुल्या मारतात. हिवाळ्यातल्या पहाटे रुळाला तडा गेल्याने लोकल खोळंबल्याची बातमी वाचणाऱ्या मुंबईकराने या फुल्या कधी ना कधी पाहिल्या असतील.

अमेरिकेत १९६०च्या दशकात रेल्वे कंपन्या खचू लागल्या आणि त्यांनी पहिली काटकसर केली ती देखभालीत. पेन सेंट्रल ही तिथली सर्वांत मोठी प्रवासी वाहतूक करणारी रेल्वे १९७० मध्ये दिवाळखोर झाली. तिच्या काही यार्डांत उभे डबे जागच्या जागी रुळांवरून घसरत, इतकी लाइन कुजली होती. त्याच वर्षी संघराज्याने रेल्वे सुरक्षेचा कायदा केला आणि पाठोपाठ लाइनच्या दर्जाचे नियम आले. जिथे वेगवान किंवा प्रवासी वाहतूक होते तिथे रुळांची अंतर्गत तपासणी आता कंपनीच्या मर्जीवर राहिली नाही. ती वर्षातून निदान एकदा करणे भाग पडले. याच काळात पिवळ्या डब्यांच्या जोडीला रस्त्यावर आणि रुळावर दोन्हीकडे चालणारे ट्रक येऊ लागले. फाटकावर रुळावर चढायचे, गाडी आली की पुढच्या फाटकावर उतरून रस्त्याला लागायचे.

तरी अपघात होत राहिले, आणि प्रत्येकाने तपासणीची एक नवी मर्यादा दाखवली. विसाव्या शतकाच्या अखेरीस भरलेल्या मालडब्याचे वजन २ लाख ८६ हजार पौंडांवर, म्हणजे सुमारे १३० टनांवर गेले. एवढ्या भाराखाली रुळाचा पृष्ठभाग सोलवटतो. सोलवटलेल्या थरावरून ध्वनी परत फिरतो आणि खालचा तडा झाकला जातो. ३० जून १९९२ ला विस्कॉन्सिनमधल्या सुपिरियरजवळ असाच झाकलेला तडा फुटला, रसायनाचा टँकर नदीत पडला आणि दोन शहरांतल्या चाळीस हजारांवर लोकांना घरे सोडावी लागली.

मार्च २००१ मध्ये आयोवातल्या नोडवेजवळ ‘कॅलिफोर्निया झेफर’ ही प्रवासी गाडी घसरली. एक जण मेला, सत्तरांवर जखमी झाले. इथली कहाणी विलक्षण आहे. महिनाभरापूर्वीच तपासणीत त्या जागी दोष सापडला होता. नियमाप्रमाणे सदोष तुकडा कापून त्या जागी दुसरा बसवला होता. फुटला तो हा दुसरा तुकडा. तो वापरलेला होता आणि बसवण्यापूर्वी त्याच्या आत काय आहे हे कुणी तपासले नव्हते.

वेगाचा दबावही वाढत होता. लाइन दिवसभर अडवणे मालवाहतुकीला परवडेना, म्हणून न थांबता नोंदी घेत जाणाऱ्या गाड्या पुढे आणि संशयित जागा तपासणारी माणसे मागाहून, अशी व्यवस्था रूढ होऊ लागली. जानेवारी २०१४ मध्ये संघीय रेल्वे प्रशासनाने नियम सुधारले : दोषाची खूण मिळाल्यापासून चार तासांत ती जागेवर जाऊन पडताळा, आणि ती वाचणारा ऑपरेटर रीतसर प्रशिक्षित असू द्या.

१६ फेब्रुवारी २०१५ ला पश्चिम व्हर्जिनियातल्या माउंट कार्बन इथे, बर्फ पडत असताना, कच्चे तेल वाहणारी १०९ डब्यांची गाडी घसरली. २७ टँकर रुळांवरून उतरले, आगीत एक घर जळाले, शेकडो लोकांना हलवावे लागले. रूळ फुटला होता तो आतल्या उभ्या चिरेमुळे. चौकशीत निघाले की आधीच्या दोन महिन्यांत त्या लाइनची दोनदा तपासणी झाली होती आणि दोन्ही वेळा यंत्राने त्या जागी खूण दिली होती. पृष्ठभाग खडबडीत असेल असे समजून ऑपरेटर पुढे गेला होता. खाली उतरून हाताने पाहिले नव्हते. रेल्वे कंपनी सीएसएक्स आणि तपासणी करणारी स्पेरी कंपनी यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर दंड झाला.